'दी प्लेमसाट वाय फेर' या नाटकाला युद्धविरोधी म्हणावे काय?

तिसरी घंटा :

दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स या भाषेच्या रंगभूमीवरील युद्धविरोधी नाटकांचा विषय निघाला की चर्चा हटकून १९८० च्या दशकापाशी जाऊन थांबते. अंगोलाच्या सीमेवर सक्तीने धाडलेली अठरा वर्षांची पोरे आणि त्यांच्यावर लिहिली गेलेली नाटके महत्त्वाची आहेत, याविषयी माझे दुमत नाही. तरीही माझे म्हणणे असे आहे की, या परंपरेचे मूळ शोधायचे तर १९६६ च्या मे महिन्यात प्रिटोरियात झालेल्या एका सरकारी उत्सवापर्यंत मागे जावे लागते. प्रजासत्ताकाला पाच वर्षे पूर्ण झाली म्हणून भरवलेल्या या उत्सवासाठी एन. पी. फान वेक लौ या आफ्रिकान्समधील सर्वांत मान्यवर कवीकडून मुद्दाम एक नाटक लिहवून घेण्यात आले होते. नाटकाचे नाव 'दी प्लेमसाट वाय फेर', म्हणजे 'पिसासारखे बी वाऱ्यावर दूर जाते', आणि उपशीर्षक 'बिटर बेखिन', म्हणजे 'कडू आरंभ'.

विषय १८९९ ते १९०२ या काळातल्या बोअर युद्धाचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या शेतकऱ्यांनी ब्रिटिशांशी दिलेल्या लढ्याचा, होता. प्रेक्षकांची अपेक्षा काय असणार, हे सांगायला नको. मूठभर घोडेस्वार शेतकरी साऱ्या ब्रिटिश साम्राज्याला कसे झुंजवतात, हे पाहून छाती फुगवायची आणि अभिमानाने घरी जायचे, अशा तयारीने माणसे आली होती. पण नाटकाच्या सुरुवातीलाच एक म्हातारी समोर येते आणि विचारते, "वाट इस अ फोल्क?" फोल्क म्हणजे काय? 'फोल्क' या शब्दाला मराठीत नेमका जोड नाही. लोक, जमात, राष्ट्र, आपली माणसे हे सारे अर्थ त्यात एकवटलेले आहेत आणि त्या काळी तो शब्द देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा होता. ज्या शब्दाची पूजा करायची, त्याचाच अर्थ विचारला गेला, तोही उत्सवात आणि सरकारी खर्चाने.

पुढे रंगमंचावर जे युद्ध येते, त्यात शूर आहेत, तसे शरण जाणारेही आहेत. बोअरांच्या बोलीत शरण जाणाऱ्याला 'हेन्सॉपर' म्हणत, कारण त्याने इंग्रजांच्या 'हँड्स अप'पुढे हात वर केलेले असत. जो त्याहून पुढे जाऊन इंग्रजांच्या बाजूने बंदूक धरी, तो 'जॉइनर'. ऑरेंज फ्री स्टेट या बोअर प्रजासत्ताकाचे अध्यक्ष स्टेन आणि सेनापती क्रिस्तियान द वेट एका बाजूला, तर क्रिस्तियानचा सख्खा भाऊ पीट दुसऱ्या बाजूला. हा पीट भित्रा असता, तर त्याला खलनायक करून मोकळे होता आले असते. पण तो भित्रा नव्हता. ३१ मे १९०० रोजी लिंडली गावापाशी ब्रिटिश घोडदळाची अख्खी बटालियन ज्याने शरण आणली, तो हाच पीट. दोन महिन्यांच्या आत तो स्वतः शरण गेला आणि पुढे इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला. जानेवारी १९०१ मध्ये त्याने भावाला पत्र लिहून विचारले की, लढत राहून आपली सारी माणसे नष्ट होण्याचा धोका पत्करणे बरे, की शरण जाऊन ती वाचवणे बरे? ज्या नाटकात या प्रश्नाला जागा मिळते, ते नाटक युद्धाचा गौरव करूच शकत नाही.

पंतप्रधान हेंड्रिक फेरवूर्ट यांना हे नेमके कळले. त्याच उत्सवातील आपल्या भाषणात त्यांनी कवीचे नाव न घेता बोल लावला की, आपले लेखक 'फोल्क म्हणजे काय' असे विचारत बसण्याऐवजी 'हा माझा फोल्क' असे अभिमानाने केव्हा लिहिणार. रोख कोणावर आहे, हे सर्वांना समजले आणि वर्तमानपत्रांतून वाद पेटला. सत्ताधीशाला जे नाटक एवढे झोंबते, त्याला नुसते 'ऐतिहासिक नाटक' म्हणून बाजूला ठेवणे मला पटत नाही. आपले मत काय?

कृष्णकाठ :

आपण मुद्दा उत्तम मांडला आहे, परंतु मला तो मान्य नाही. फोल्कवर प्रश्न उपस्थित करणे ही एक गोष्ट झाली, युद्धाला नकार देणे ही दुसरी. या नाटकाचा केंद्रबिंदू अध्यक्ष स्टेन आहे आणि स्टेन हा अखेरपर्यंत ब्रिटिशांशी तह करण्याच्या विरोधात राहिलेला माणूस होता. आजाराने शरीर लुळे पडत चालले असतानाही त्याने तहावर सही केली नाही. तहावर सह्या होण्याच्या दोन दिवस आधी त्याने पद सोडले. अशा माणसाला ज्या नाटकाने नैतिक उंची दिली, ते नाटक फार तर असे म्हणते की, 'आमच्यातले सगळेच स्टेनसारखे नव्हते'. ही आत्मटीका झाली. तिचे मोल मी कमी लेखत नाही, पण आत्मटीका आणि युद्धविरोध यांत अंतर आहे.

फान वेक लौ यांची स्वतःची भूमिकाही पाहा. १९३९ मध्ये त्यांनी एका निबंधसंग्रहाला 'लोयाले फेरसेट', म्हणजे 'निष्ठावंत विरोध', असे नाव दिले. निष्ठा आधी, विरोध मागून. त्याच्याच आदल्या वर्षी, फोरट्रेकरांच्या, म्हणजे केप सोडून आतल्या प्रदेशात गेलेल्या बोअर पूर्वजांच्या, शताब्दीसाठी, त्यांनी फोल्काच्या हक्काची थोरवी गाणारे कोरसनाट्य लिहिले होते. घरातल्या मुलाने घरच्यांना सुनावावे, तशी त्यांची टीका आहे. ती घराबाहेरच्या माणसाला दार उघडून देत नाही.

आता घराबाहेरच्यांविषयी. या युद्धात ब्रिटिश सेनापती किचनरच्या सैन्याने सुमारे तीस हजार शेतघरे जाळली आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांत बोअरांची सव्वीस हजारांहून अधिक बायकामुले मेली, हे आफ्रिकान्स समाज कधीही विसरला नाही, आणि विसरूही नये. पण कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्या होत्या. तिथे नोंदलेले मृत्यूच चौदा हजारांच्या वर आहेत आणि प्रत्यक्षात ते वीस हजारांच्या पुढे गेले असावेत, असे इतिहासकार मानतात. ब्लूमफाँटेनच्या स्त्री-स्मारकाच्या उद्‌घाटनासाठी १९१३ मध्ये, छावण्यांतील हाल जगापुढे आणणाऱ्या एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईंनी लिहिलेल्या भाषणात या माणसांची आठवण होती. १९६३ मध्ये स्मारकाच्या पन्नाशीनिमित्त ते भाषण पुन्हा छापले, तेव्हा नेमकी ती वाक्ये गाळली गेली. त्यानंतर तीन वर्षांनी आपले हे नाटक आले. १९६५ पासून मिश्र प्रेक्षकवर्गाला कायद्याने बंदी होती, म्हणजे 'फोल्क म्हणजे काय' हा प्रश्न केवळ गोऱ्या माणसांनी भरलेल्या प्रेक्षागृहात विचारला गेला. ज्यांना उत्तरातून आधीच वगळले होते, त्यांना प्रश्न ऐकायलाही आत येता आले नाही.

आणि शेवटचे. २६ ऑगस्ट १९६६ रोजी, म्हणजे उत्सव संपून तीन महिने होतात न होतात तोच, आजच्या नामिबियातील ओमुगुलुगवोंबाशे येथे दक्षिण आफ्रिकेच्या सुरक्षा दलांनी स्वापो या नामिबियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेच्या तळावर हल्ला केला आणि तेवीस वर्षे चाललेले सीमायुद्ध सुरू झाले. पुढल्या वर्षी गोऱ्या तरुणांना सक्तीची लष्करी सेवा लागू झाली. कडू आरंभाचे नाटक पाहून आलेल्या समाजाने दुसरा कडू आरंभ निमूटपणे करू दिला. युद्धविरोधी नाटकाचा इतिहास मी म्हणूनच १९८४ मधल्या देऑन ओपरमान यांच्या 'मोरे इस अ लांग दाख' या नाटकापासून सांगेन, कारण तिथे युद्ध चालू असताना त्या युद्धाविषयी बोलले गेले.

तिसरी घंटा :

कृष्णकाठ, कृष्णवर्णीयांच्या छावण्यांविषयीचा आपला आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो आणि त्यावर कोणतेही समर्थन देऊ इच्छित नाही. हॉबहाउस यांच्या गाळलेल्या वाक्यांचा संदर्भ मूळ लेखात यायलाच हवा होता.

स्टेनविषयी मात्र थोडे थांबू या. बोअर युद्धाच्या रूढ कथेत अखेरपर्यंत लढलेल्यांना 'बिटरएंडर' म्हणतात, म्हणजे कडू शेवटापर्यंत टिकलेले. हा सन्मानाचा शब्द आहे. फान वेक लौ तोच शब्द हातात घेतात आणि 'एंड' काढून तिथे 'बेखिन' बसवतात. एका शब्दाच्या बदलाने युद्धाचा शेवट नाहीसा होतो. मे १९०२ मध्ये फेरेनिखिंग गावी तहाचा निर्णय करायला जमलेल्या साठ बोअर प्रतिनिधींपैकी चौपन्न जणांनी तहाच्या बाजूने आणि सहा जणांनी विरुद्ध मत दिले. ३१ मे रोजी सह्या झाल्या. त्या चौपन्न जणांत आदल्या दिवसापर्यंत जिवावर उदार होऊन लढणारे होते. म्हणजे पीट द वेट जुलै १९०० मध्ये ज्या निष्कर्षाला आला, त्याच निष्कर्षाला बाकीचे बावीस महिन्यांनी आले, आणि छावण्यांतले बहुतेक सारे मृत्यू त्या बावीस महिन्यांतले आहेत. त्याला फितूर म्हणायचे आणि यांना वीर, तर दोहोंमधील फरक केवळ तारखेचा उरतो का? मला तरी या प्रश्नातून सुटका दिसत नाही. पीटने पुढे शत्रूच्या बाजूने शस्त्र धरले, ते मी झाकून ठेवत नाही. पण त्याचा पहिला निर्णय आणि दुसरा निर्णय वेगवेगळे तोलावे लागतात.

आणि ३१ मे ही तारीख पाहा. १९०२ मध्ये याच दिवशी शरणागती, १९१० मध्ये याच दिवशी संघराज्य, १९६१ मध्ये याच दिवशी प्रजासत्ताक. पराभवाच्या दिवसाला विजयाचा दिवस करून टाकण्यात राज्यकर्त्यांनी साठ वर्षे घालवली होती. त्याच दिवसाच्या उत्सवात कोणी पराभवाची खरी हकीकत काढली, तर ती केवळ आत्मटीका राहत नाही. पुढच्या युद्धाला जो साठवलेला अभिमान लागतो, त्यालाच ती हात घालते.

पानगळ :

एक व्यावहारिक मुद्दा. या नाटकावर बंदी आली नाही. ते सरकारी अनुदानावर चालणाऱ्या व्यवस्थेतूनच रंगमंचावर आले. पुस्तकरूपाने ते १९७२ मध्ये निघाले, तेव्हा कवीला जाऊन दोन वर्षे झाली होती. फेरवूर्ट तर त्याआधीच, ६ सप्टेंबर १९६६ रोजी, संसदेत भोसकले गेले होते. उलट अँथनी अकरमन यांनी सीमायुद्धावर 'समव्हेअर ऑन द बॉर्डर' लिहिले, ते परागंदा होऊन अॅमस्टरडॅममध्ये बसून. नाटक इंग्रजी, पण बराकीतली शिवीगाळ आणि हुकूम आफ्रिकान्समधले, कारण त्या लष्कराची भाषाच ती होती. जे नाटक देशाबाहेर राहून लिहावे लागते आणि ज्या नाटकासाठी पंतप्रधानांचे चार कठोर शब्द ऐकावे लागतात, त्यांना एकाच तराजूत घालू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

नगरची माहेरवाशीण :

मी नाटकाची अभ्यासक नाही, पण या युद्धाची एक वाट माझ्या माहेरच्या गावावरून जाते, म्हणून लिहिते. ब्रिटिशांनी पकडलेले बोअर सैनिक सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा अशा दूरदूरच्या ठिकाणी धाडले. त्यांतले सुमारे नऊ हजार हिंदुस्थानात आले आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्यांच्या मोठ्या तळांपैकी एक होते. दक्षिण आफ्रिकेच्या पठारावरचा शेतकरी, आगबोटीने मुंबईला उतरवलेला, आगगाडीने घाट चढून आमच्या नगरच्या छावणीत आणून बसवलेला. बायकामुले छावणीत जिवंत आहेत की नाहीत, हे कळायला टपाल येईपर्यंत थांबायचे. नगरच्या उन्हाळ्यात तारेच्या कुंपणाआड बसलेली ही माणसे मी लहानपणापासून मनाने पाहत आले आहे, कारण घरातली वडीलधारी मंडळी किल्ल्याकडे जाताना सांगत, 'इथे बोअर लोक कैदेत होते'.

तह झाल्यावर घरी परतायचे तर प्रत्येक कैद्याला ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. ज्याने लवकर घेतली, त्याच्याकडे इतर कैदी काय नजरेने पाहत असतील, याचा विचार करा. सेंट हेलेनावर तर तहाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे कैदी एकत्र नांदू शकेनात, म्हणून त्यांचे तळ वेगळे करावे लागले होते. लढाई सात समुद्रांपलीकडे राहिली होती आणि भांडण कुंपणाच्या आत आले होते. तुम्ही दोघे ज्या प्रश्नावर वाद घालता आहात, तो प्रश्न या माणसांनी घरी नेला. गाव तेच, चर्च तेच, आणि शेजारच्या बाकावर जॉइनर. माझ्या मते नाटकाचे उपशीर्षक याच परतीविषयी आहे, म्हणून मला तिसरी घंटा यांचे म्हणणे अधिक जवळचे वाटते.

आणखी एक. शीर्षकातल्या बियाला आमच्याकडे फार सुरेख शब्द आहे. उन्हाळ्यात रुईचे बोंड तडकले की आतून रेशमी केसांचे बी बाहेर पडते आणि वाऱ्यावर तरंगू लागते. त्याला आम्ही 'म्हातारी' म्हणतो. लहानपणी आम्ही ती ओंजळीत धरून फुंकर मारायचो आणि कुणाची किती लांब जाते ते पाहायचो. ती कुंपण ओलांडून जाई, ओढ्यापलीकडे जाई, पण कुठे रुजली ते आम्हाला कधीच दिसले नाही. या नाटकाच्या तोंडाशी म्हातारी उभी आहे आणि नावात वाऱ्यावरचे बी आहे, हे वाचल्यापासून मला ते नाटक मराठीत यावे असे फार वाटते. त्याचे नाव नुसते 'म्हातारी' ठेवले तरी पुरेल.

कृष्णकाठ :

ताई, आपला प्रतिसाद मनापासून आवडला, आणि नगरच्या छावणीविषयी आपण लिहिले नसते, तर ही चर्चा कागदीच राहिली असती. पण आपण म्हणता ते बी कुठे रुजले, ते मला दिसते आहे, म्हणून माझा विरोध कायम आहे.

१९६६ मध्ये त्या प्रेक्षागृहात बसलेल्या एखाद्या जोडप्याला त्याच वर्षी मुलगा झाला असे धरू या. १९८४ मध्ये तो अठरा वर्षांचा झाला. त्याला लष्कराचा कागद आला. १९७७ पासून सेवेची मुदत दोन वर्षांची झाली होती. तो गेला नाही, तर तुरुंग. गेला, तर नामिबियाच्या उत्तरेकडचे ओव्हांबोलँड, किंवा १९८४ नंतर स्वतःच्याच देशातील कृष्णवर्णीय वस्त्या. सक्तीच्या भरतीविरुद्धची मोहीम १९८३ मध्ये उभी राहिली आणि सरकारने १९८८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. या मुलाच्या आईवडिलांनी स्टेन आणि द वेट यांच्याविषयी अतिशय सखोल विचार केला असेल. मुलगा गणवेश चढवून निघाला, तेव्हा त्या विचाराचा त्याला काय उपयोग झाला?

हे माझे कल्पित गाऱ्हाणे नव्हे. २००० साली क्रिस लोउ या पत्रकाराने 'बेल्ड' या दैनिकात विलेम द क्लेर्क या वडीलधाऱ्या विचारवंताला उघड पत्र लिहिले. त्या पिढीची मंडळी तरुणांना प्रेमाने, पण वरून पाहत 'बुटमान', म्हणजे 'बाळ' किंवा 'धाकट्या', असे म्हणत. पत्राचा आशय असा की, आता हा बुटमान संतापलेला आहे. तुम्ही युद्ध ठरवलेत, आम्हाला पाठवलेत, आणि सारे संपल्यावर आम्हालाच शहाणपण शिकवता आहात. पत्राने अख्खा आफ्रिकान्स समाज ढवळून निघाला आणि पीटर फुरी यांनी लगेच त्याच वर्षी त्यावर नाटक उभे केले. तिथे प्रश्न 'फोल्क म्हणजे काय' असा राहिला नव्हता. मुलगा बापाला विचारत होता की, मला तिकडे का पाठवलेत. हा प्रश्न ज्या दिवशी रंगमंचावर आला, त्या दिवसाला मी युद्धविरोधी नाटकाचा दिवस म्हणेन.

तिसरी घंटा, आपल्या तारखेच्या युक्तिवादाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पीट आणि ते चौपन्न जण, यांच्यातला फरक मी दोन दिवस शोधतो आहे.

तिसरी घंटा :

आपला १९६६ चा मुलगा माझ्या डोक्यातून जाणार नाही. एवढे नक्की की, नाटक पाहून कोणी भरती नाकारली असा दावा मी केला नव्हता आणि करणारही नाही. कोणत्याही एका प्रयोगावर तेवढे ओझे टाकणे योग्य नव्हे. पण फुरी यांच्या नाटकातला मुलगा बापाला ज्या धीटपणाने जाब विचारतो, त्या धीटपणाला आफ्रिकान्समध्ये आधी कोणीतरी वाट करून दिलेली असते. १९६६ पर्यंत त्या भाषेत बोअर युद्धाविषयी दोनच सूर मान्य होते, शोकाचा आणि अभिमानाचा. सरकारी रंगमंचावरून तिसरा सूर लागला, तो पंतप्रधानांना सहन झाला नाही, आणि तरीही तो ऐकणाऱ्यांच्या कानात राहिला. पानगळ म्हणतात तसे या कवीला देश सोडावा लागला नाही, हे खरेच आहे. मात्र आपल्याच लोकांचे प्रेम पणाला लावणे ही साठ वर्षांच्या माणसासाठी लहान गोष्ट नव्हती, आणि त्यानंतर चारच वर्षांनी ते वारले.

ब्लूमफाँटेनच्या ज्या स्मारकाचा उल्लेख कृष्णकाठ यांनी केला, त्यावर २६,३७० बायकामुलांच्या स्मृतीचा लेख कोरलेला आहे. त्याच्या पायथ्याशी स्टेन यांना १९१६ मध्ये आणि क्रिस्तियान द वेट यांना १९२२ मध्ये पुरले, आणि १९२६ मध्ये हॉबहाउस यांची रक्षा इंग्लंडहून आणून तिथे ठेवली. शत्रूच्या देशातल्या बाईला तिथे जागा मिळाली. पीटला मिळाली नाही, आणि कृष्णवर्णीय छावण्यांतल्या मृतांचा आकडाही त्या दगडावर नाही. दुसऱ्या वगळणुकीबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे आणि मूळ लेखात मी तशी भर घालतो. पहिलीविषयी हे नाटक आपण दोघांनी पुन्हा एकदा शेजारी बसून वाचावे, अशी माझी विनंती आहे. ताईंनी सुचवलेल्या नावाने मराठी रूपांतर करायला कोणी तयार असेल, तर पहिल्या अंकाच्या वाचनापासून मी सोबत आहे.